वाळवंटातील घर आणि टिकणारी दुरुस्ती

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. यापैकी निवाऱ्याची गरज घर बांधून झाले की कायमची भागली, असे आपल्याला वाटते. बँकेच्या टेबलावर घरदुरुस्तीच्या कर्जाची प्रकरणे ज्याच्या हाताखालून जातात, त्याला मात्र हा समज खरा नाही हे लवकर कळते. तोच खातेदार, तीच गच्ची, तेच कारण, फक्त साल निराळे! पहिल्या कर्जाचे हप्ते फिटायच्या आत दुरुस्ती उखडलेली असते आणि दुसऱ्या कर्जाचा अर्ज आलेला असतो. दुरुस्ती का टिकत नाही, या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते मात्र आपल्याकडील घराने नव्हे, तर जोधपूर येथील एका घराने. तेथील उष्ण, कोरड्या हवेत या प्रश्नाची उत्तरे इतकी स्पष्ट दिसतात की, कलाशाखेच्या पदवीधरालाही ती समजावीत.

माझे साडू रेल्वेच्या नोकरीनिमित्त जोधपूरला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांनी शहराच्या जुन्या भागात एक दगडी घर विकत घेतले. छपरावर दगडाच्या लांब पट्ट्या, त्यावर चुन्याचा थर आणि त्या गच्चीचे पावसाचे पाणी अंगणाखालच्या टाक्यात उतरवण्याची सोय, अशी ती जुन्या पद्धतीची बांधणी होती. या भूमिगत टाक्याला तिकडे ‘टांका’ म्हणतात. ज्या प्रदेशात जैसलमेरसारख्या ठिकाणी वर्षाला वीस सेंटिमीटरही पाऊस पडत नाही आणि जोधपूरला पडतो तोही साधारण पस्तीस-छत्तीस सेंटिमीटर, तेथे गच्ची म्हणजे केवळ छप्पर नव्हे. ती पिण्याच्या पाण्याचे पात्र असते. ही गच्ची गळू लागली आणि मे २०१६ मध्ये साडूंनी ती दुरुस्त करून घेतली. त्याच महिन्यात, १९ मे रोजी, जवळच्या फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ठेकेदाराने जुना चुना खरवडून काढला आणि त्यावर एकास तीन प्रमाणात भरपूर सिमेंटचा जाड थर दिला. ‘आता पन्नास वर्षे बघायला नको,’ असे तो सांगून गेला. दिवाळीपर्यंत त्या थरावर हाताच्या रेषांसारख्या भेगा उमटल्या आणि पुढच्या पावसात घर पूर्वीपेक्षा जास्त गळले.

आपल्या मनात ‘मजबूत’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे असतात. वाळवंटात ते एकमेकांचे वैरी ठरू शकतात. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

प्रत्येक वस्तू तापली की वाढते आणि निवली की आकसते. मे महिन्यात काळपट गच्चीचा पृष्ठभाग दुपारी साठ-पासष्ट अंशांच्या वर जातो आणि पहाटे तोच पंचविसाच्या आसपास येतो. म्हणजे चोवीस तासांत चाळीस अंशांचा फरक पडतो. एवढ्या फरकाने दहा मीटर लांबीचे काँक्रीट सुमारे चार मिलिमीटर लांब-आखूड होते. तेवढ्याच लांबीची अॅल्युमिनिअमची पट्टी नऊ मिलिमीटर हलते, तर पीव्हीसीचा पाइप दोन सेंटिमीटरहून अधिक! ही ओढाताण वर्षातून एकदा होत नाही, रोज होते. जुना दगड आणि चुना हे सांध्यासांध्यांतून थोडे थोडे सरकून ती पचवतात. त्यांच्या डोक्यावर अखंड, कडक सिमेंटचा पापुद्रा बसवला की त्याला सरकता येत नाही, म्हणून तो फुटतो. कधीकधी तो स्वतः न फुटता खालचा मऊ दगडच घेऊन सुटतो, आणि ते नुकसान अधिक वाईट.

राजस्थानात चुरू नावाचे गाव आहे. तेथे १ जून २०१९ रोजी ५०.८ अंश तापमान नोंदले गेले होते आणि त्याच गावी हिवाळ्यात पारा शून्याच्याही खाली जातो. आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला उन्हाळ्याचे कौतुक कोणी सांगू नये हे खरे, परंतु उन्हाळ्याबरोबर असा हिवाळा आणि हवेतला असा कोरडेपणा आपल्या वाट्याला येत नाही.

कोरडेपणा हे दुरुस्ती न टिकण्याचे दुसरे कारण होय. सिमेंट वाळून घट्ट होते, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते आणि ही क्रिया अनेक दिवस चालते. मधेच पाणी संपले तर ती तेथेच थांबते व पुढे कितीही पाणी मारले तरी गेलेली ताकद पूर्णपणे परत येत नाही. वाळवंटातील दुपारचा वारा नव्या गिलाव्यातील पाणी दोन-चार तासांत पिऊन टाकतो, आणि तापलेली भिंत आतल्या बाजूने शोषून घेते ती वेगळीच. भारतीय मानक ४५६ (सन २०००) यात साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे असे सांगितले आहे, पण हवा कोरडी व उष्ण असेल तर किमान दहा दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. आज दुकानात मिळणारे बरेचसे सिमेंट अशा मिश्र प्रकारचेच असते, हे पिशवीवर वाचून पाहावे. साडूंच्या गच्चीवर ठेकेदाराच्या माणसांनी तीन दिवस सकाळी एकेक बादली शिंपडली होती.

आता कोणी विचारेल की, जेथे प्यायला पाणी नाही तेथे दहा दिवस भिंतीला कोठून मारायचे? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर पाणी टिकवण्यात आहे. भिंत किंवा गच्ची आदल्या रात्री चांगली भिजवून ठेवायची, म्हणजे ती नव्या मालातील पाणी ओढत नाही. काम दुपार कलल्यावर सुरू करायचे, म्हणजे नव्या मालाला पहिली रात्र थंड मिळते. त्यावर ओले गोणपाट आणि गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद दगड ठेवून दाबून बसवायचा. अशा झाकणाखाली एका बादलीत जे साधते ते उघड्यावर दहा बादल्यांत साधत नाही. वाऱ्याच्या बाजूला जुन्या सतरंजीचा आडोसा केला तरी फरक पडतो. शक्यतो अशी कामे मे-जूनमध्ये काढूच नयेत. पाऊस संपल्यापासून थंडी कडक होईपर्यंतचे दिवस, नाहीतर फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरे. उन्हाळ्यात काम काढणे अटळ असेल तर ते पहाटे आणि संध्याकाळी करून घ्यावे. त्यात मालाचे हित आहेच, पण भर दुपारी तापलेल्या गच्चीवर अनवाणी बसून थापी चालवणाऱ्या माणसाचेही आहे. मजूर म्हणजे यंत्र नव्हे, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरातील मागल्या पिढीने टोपले वाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

पाणी कोणते वापरावे हाही मोठा विषय आहे. थरच्या वाळवंटात जमिनीतले पाणी पुष्कळ ठिकाणी खारे आहे. तेथील लूणी नदीचे नावच मुळी लवणावरून आलेले आहे आणि बालोतरापासून खाली तिचे पाणी खारट होत जाते. ‘पिण्याला चालत नाही ना, मग बांधकामाला वापरा,’ असा व्यवहार सर्रास चालतो. परंतु त्या पाण्यातील मीठ भिंतीत राहते. पाणी उडून गेले की मिठाचे स्फटिक पृष्ठभागाच्या आत फुगतात आणि रंगाचा, मग गिलाव्याचा पापुद्रा सोडवतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. स्लॅबमध्ये लोखंडी सळई असेल तर मीठ तिला गंजवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून ढकलून काँक्रीटचे तुकडे पाडतो. म्हणूनच वर सांगितलेल्या मानकात सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे आहे. सळई नसलेल्या कामाला २००० पर्यंत मुभा आहे. वाळूचेही तसेच. टेकाडाची, म्हणजे तिकडे ज्याला ‘धोरा’ म्हणतात त्याची, वाळू फुकट मिळते, पण ती फार बारीक व गोल दाण्यांची असल्याने एकमेकांना धरत नाही, शिवाय तिच्यात क्षार असू शकतात. फुकटची वाळू सर्वांत महाग पडते, असे मी साडूंना म्हटले होते. ते हिशोबी गृहस्थ आहेत, त्यांना ते पटले.

पहिली दुरुस्ती फसल्यावर त्यांनी दुसरी केली ती डांबरी पत्र्याची. हे काळे गुंडाळीचे कापड ज्योतीने तापवून गच्चीला चिकटवतात. ते पाणी अडवते यात शंका नाही. पण उघड्या उन्हात डांबरातील तेलकट अंश उडून जातो आणि ते वाळक्या चामड्यासारखे कडक होऊन चिरते. वर काही झाकण असले तर ते अधिक टिकते, तसे न करताच ते लावले गेले. दोन उन्हाळ्यांत त्याच्या कडा उचलल्या. खोल्या आधीपेक्षा जास्त तापू लागल्या त्या वेगळ्याच. मुख्य अडचण मात्र ध्यानीमनी नसलेली निघाली. पहिल्या पावसानंतर टांक्यातील पाण्याला डांबराचा वास येऊ लागला आणि घरात लहान नात असताना साडूंना टँकर विकत आणावे लागले. गच्चीचे काम सांगताना हे पाणी घरात पितात असे ठेकेदाराला कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

तिसऱ्या वेळी, सन २०१८ च्या ऑक्टोबरात, साडूंच्या शेजाऱ्याने एक म्हातारा कारागीर आणून दिला. तिकडे गवंड्याला ‘चेजारा’ असा जुना शब्द आहे. हा गृहस्थ प्रथम अर्धा दिवस नुसता गच्चीवर फिरला आणि काठीने ठोकून आवाज ऐकत राहिला. जेथे पोकळ आवाज आला तेथे खडूने खूण केली. मग त्याने सिमेंटचा व डांबराचा सर्व थर काढायला लावला. साडू हळहळले, कारण त्याच थरांचे हप्ते चालू होते. मी त्या सुमारास चार दिवस रजा काढून गेलो होतो, म्हणून पुढचे काम मला डोळ्यांनी पाहता आले.

पट्ट्यांचे सांधे दोन बोटे खोल उकरून साफ केले व चुन्याने भरले. विटांचे तुकडे आणि भिजवून मुरवलेला चुना यांचा कोबा अंथरला आणि तीन-चार बायका लाकडी थाप्यांनी ओळीने तो दिवसेंदिवस बडवत होत्या. मधूनमधून गूळ व मेथी उकळलेले पाणी शिंपडत. ही अंधश्रद्धा आहे की शास्त्र, असा मला प्रश्न पडला होता. साखर आणि डिंकासारखे पदार्थ चुन्यात पाणी धरून ठेवायला मदत करतात व तो लवकर कोरडा पडू देत नाहीत, असे पुढे वाचनात आले. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड बनत जातो आणि त्या क्रियेलाही ओलावा लागतो. सिमेंटपेक्षा तो मंद आहे, पण थोडा लवचीक राहतो. त्यात केसाएवढी भेग पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तीच भेग काही अंशी पुन्हा भरून काढतो. सिमेंटला हे फारसे जमत नाही.

कोब्याला पन्हळीकडे दर दहा फुटांमागे साधारण दीड इंच उतार दिला. कठडा व गच्ची जेथे मिळतात तो काटकोन मोडून तेथे गोलाई काढली, कारण बहुतेक गळती त्याच कोपऱ्यातून होते. सर्वांत वर पांढऱ्या चिनीमातीच्या फरश्यांचे फुटके तुकडे बसवले. हे तुकडे दोन कारणांनी उपयोगी पडतात. पांढरे असल्याने ते ऊन परतवतात आणि लहान लहान असल्याने प्रत्येक तुकड्याभोवती हलायला थोडी जागा राहते. तेथील जुने लोक घरांना चुना, नीळ फासत आले त्यातही ऊन परतवण्याचा हा लाभ होताच. गच्चीवर गडद रंग लावणारे मात्र आपण सुशिक्षित!

सर्वांचीच घरे दगड-चुन्याची नसतात आणि चुना जाणणारा कारागीर आता सहज मिळत नाही, हे मान्य. विटा-सिमेंटच्या भिंतीला बाहेरून गिलावा करायचा असेल तर सिमेंट एक भाग, चुना एक भाग आणि वाळू सहा भाग असा मिश्र माल वापरावा. नियम एवढाच की, वरचा थर आतल्या भिंतीपेक्षा कडक नसावा. मोठ्या गिलाव्यात आणि काँक्रीटच्या फरशीत आपणहून सांधे ठेवावेत. आपण सांधा ठेवला नाही तर ऊन स्वतःच्या मर्जीने ठेवते.

भेग बुजवण्याची घाई करू नये. आधी ती जिवंत आहे की मेलेली आहे ते पाहावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घालावी, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरच्या बोट्याने चिकटवावी आणि एक उन्हाळा व एक हिवाळा जाऊ द्यावा. काच फुटली तर भेग हलते आहे असे समजावे. हलत्या भेगेत सिमेंट भरणे व्यर्थ आहे. थंडीत भेग रुंद असते. तेव्हा सिमेंट भरले तर उन्हाळ्यात भिंत वाढू पाहते व ती पाचर शेजारचा भाग फोडते. उन्हाळ्यात भरले तर थंडीत ते सुटून पडते. अशी भेग इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रुंद करून, धूळ झटकून, मध्यम हवेच्या दिवसांत ताणला जाणारा लवचीक मसाला तिच्यात भरावा. उन्हाला सिलिकोन चांगले तोंड देते, मात्र त्यावर रंग धरत नाही. खिडकीभोवती भरतात तो पिवळा फेस उघडा ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो.

ऊन केवळ तापवते असे नाही. त्यातील अतिनील किरण रंगाचा आणि प्लॅस्टिकचा धागा न् धागा तोडतात. भिंतीवर हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते ती याच कारणाने. गच्चीवरचा पीव्हीसी पाइप काही वर्षांनी बोटाने दाबला तरी काचेसारखा तडकतो, म्हणून तो गाडावा, सावलीत न्यावा किंवा निदान त्याला पांढरा रंग द्यावा, आणि दर काही फुटांवर पकडताना तो घट्ट आवळू नये, सरकू द्यावा. पत्र्याची भोके स्क्रूपेक्षा किंचित लांबट ठेवावीत, तेही याचसाठी. तारा बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पांढऱ्या घेण्यापेक्षा काळ्या घ्याव्यात. काजळीमुळे त्यांना ऊन कमी बाधते. रंगकाम सावलीच्या मागोमाग करावे, म्हणजे पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर. मे-जूनमध्ये तेथे आंधी येते, त्यापूर्वी कधीही रंग देऊ नये. ओल्या रंगात धूळ बसते, आणि वाळलेला रंगही भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात उडत्या वाळूने घासून निघतो. त्या पट्ट्यात रंगाऐवजी दगडाची फरशीच लावलेली उत्तम.

लाकूड आकसते व फाटते. तिकडे रोहिडा नावाच्या झाडाला मारवाडचा सागवान म्हणतात आणि जुनी दारे त्याची आहेत. चकचकीत व्हार्निशपेक्षा दरवर्षी जवसाच्या तेलाचा हात फिरवणे बरे, कारण व्हार्निशचा पापुद्रा एकदा सुटला की सगळा खरवडावा लागतो.

आणि शेवटी पाणी. वाळवंटात पावसाचा विचार कशाला, असे म्हणू नये. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस थोड्या दिवसांत पडला, जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरले नाही आणि कवाससारखी गावे कित्येक दिवस बुडालेली राहिली. जैसलमेरच्या ११५६ साली उभ्या राहिलेल्या किल्ल्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. आत वस्ती असलेल्या या किल्ल्यात नळाचे पाणी आले, पण सांडपाण्याची वाट नीट झाली नाही. ते पायाखालच्या मातीत झिरपत राहिले आणि बुरुज ढासळू लागले. सन १९९६ मध्ये धोक्यातील वास्तूंच्या जागतिक यादीत त्याचे नाव आले होते. शतकानुशतकांच्या उन्हाने जे केले नाही ते गळक्या मोऱ्यांनी काही दशकांत केले. तेव्हा बाहेरची भिंत रंगवण्याआधी नळाचा सांधा आणि मोरीचा उतार पाहावा.

साडूंनी माझ्या सांगण्यावरून एक वही केली आहे. तिच्यात काम, तारीख, प्रमाण, किती दिवस पाणी मारले आणि खर्च असे रकाने आहेत. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दसऱ्याच्या आधी, ते गच्चीवर काठी ठोकत फिरतात आणि पोकळ आवाज आला तर त्या जागेची नोंद करतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा वहीत तीन नोंदी होत्या: कठड्याजवळ फरशीचे दोन तुकडे सुटले, पन्हळीची जाळी बदलली, पाइपाला पांढरा हात दिला. पाऊस सुरू झाला की पहिल्या सरीचे पाणी टांक्यात न घेता अंगणातून बाहेर सोडतात. पन्हळीच्या तोंडाशी त्यासाठी एक लाकडी बूच आहे आणि ते काढण्याचे काम नातीकडे आहे.